बाभळीखालचा दगड

डोळ्यांत थेंब टाकलेल्या माणसाला संध्याकाळपर्यंत भिंतीवरचं कॅलेंडर धड दिसत नाही. मनोहररावांनी मात्र धंतोलीच्या डोळ्यांच्या दवाखान्यातून आल्या आल्या सुभद्राबाईंच्या सुईत पहिल्याच झटक्यात दोरा ओवून दिला होता. सुभद्राबाईंनी तेव्हा काही विचारलं नाही. विचारलं की नवरा सावध होतो, आणि सावध झालेला नवरा पकडायला फार वेळ जातो, हे त्यांना लग्नाच्या पहिल्याच वर्षी कळलं होतं. त्यांनी गोधडी शिवली, दोरा दातांनी तोडला आणि संशय पदराच्या गाठीला बांधून ठेवला.

दिवाळी झाली, कापसाचा पहिला वेचा घरात आला, तरी ती गाठ सुटली नव्हती. माणूस त्या दिवशी दवाखान्यात गेलाच नव्हता, एवढं नक्की. मग इस्त्रीचा सदरा घालून, एस.टी.नं नागपूरला जाऊन दिवसभर केलं काय? एखादा आजार लपवतोय? की धाकट्या भावाशी, देवरावांशी, परस्पर काही ठरवून आला? दोन्हींतलं दुसरं जास्त वाईट, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं. आजारावर औषध तरी असतं.

आज सगळं घर सावळझरीला, घेऱ्याच्या वावरात जमलं होतं. पहिला वेचा झाला की वावरात गोवऱ्या पेटवून कणकेचे रोडगे भाजायचे, घेऱ्याला नैवेद्य दाखवायचा आणि दोन्ही भावांच्या बिऱ्हाडांनी एका पंगतीला बसून जेवायचं, ही त्यांच्या घरची रीत. या पंगतीतून जो न जेवता उठला तो घरातून उठला, असं मानत. म्हणून भांडणं असली तरी लोक आधी जेवत आणि मग भांडत.

घेरा म्हणजे वावराच्या मागच्या कोपऱ्यात, नाल्याच्या अंगाला, कमरेएवढ्या काळ्या दगडांचं रिंगण. दगडांवर लिंबाएवढ्या खळ्या कोरलेल्या. कोणी कोरल्या, कधी, हे गावात कोणी सांगू शकत नसे. सगळ्यांत मोठ्या दगडाला हे घर 'कारभारी' म्हणे. शेजारी पुरातत्त्व खात्याची निळी पाटी होती आणि तिच्या खांबाला लोक बिनदिक्कत शेळ्या बांधत. पाटीवरचा मजकूर मात्र घरात सगळ्यांना पाठ होता. घेऱ्यापासून शंभर मीटर बांधकाम बंद, त्यापुढे परवानगी काढून. त्याचं कोणाला दुःख नव्हतं, कारण काटोल रोडला लागलेला समोरचा तुकडा पुष्कळ लांब पडत होता. परवानगी मिळण्यासारखी होती आणि तो तुकडा प्लॉट पाडणाऱ्या लेआउटवाल्याला द्यायचं दोघा भावांनी ठरवलंही होतं.

त्या तुकड्याच्या पैशांतूनच सुभद्राबाईंचा नागपुरातल्या बेसाचा फ्लॅट निघणार होता. तळमजला, समोरच्याच इमारतीत लेक नंदिनी, आणि खुर्चीवर बसावं तसं बसता येईल असा संडास. ज्याचे गुडघे धड आहेत त्याला या शेवटच्या गोष्टीची किंमत कळायची नाही. सुभद्राबाई दोन आठवडे लेकीकडे राहून टाइल्ससुद्धा पसंत करून आल्या होत्या.

आणि त्या परत आल्यावर थोड्याच आठवड्यांत खात्याचे मोजणीवाले वावरात आले. घेऱ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सरळ समोरच्या धुऱ्यावर, रस्त्याकडच्या बांधावर गेले, बाभळीखालची माती उकरली आणि हातभर खाली एक आडवा दगड उघडा केला. त्यावर खळ्या होत्या. त्यांनी भोवती चुन्याची रेघ मारली आणि सांगितलं, हाही घेऱ्याचाच दगड दिसतो, आता हद्द इथूनही मोजावी लागेल. हद्द रस्त्याला जाऊन टेकली. लेआउटवाल्यानं दुसऱ्या दिवसापासून फोन उचलणं सोडलं. देवरावांनी मोजणीवाल्याला विचारलं, तुम्हाला कळलं कसं? तो हसला. "घरचेच लोक सांगतात हो. आम्हाला काय स्वप्न पडतं?"

घरचेच लोक. या दोन शब्दांनी महिनाभर दोन्ही घरांत कोणी कोणाच्या हातचा चहा निवांतपणे प्यायला नव्हता.

"बाई, मी सांगतो तुमाले," अंजनाबाई वांगी चिरता चिरता खालच्या आवाजात म्हणाल्या. या देवरावांच्या बायको, सुभद्राबाईंच्या धाकट्या जाऊ. दहा वर्षांपूर्वी बेसाला राहायला गेल्या, पण बोलणं गावातच ठेवून गेल्या. "हे काम माह्या सुनेचंच हाय. दुसरं कोणी नाही."

"माहीत हाय मले," सुभद्राबाई म्हणाल्या.

माहीत कशाला, हा संशय मुळात त्यांनीच अंजनाबाईंच्या कानात घातला होता. कामिनी, अंजनाबाईंची सून, धरमपेठच्या शाळेत इतिहास शिकवते. दर रविवारी स्कूटीवर इथं येते, दगडांचे फोटो काढते, खळ्या मोजते. चार वर्षांच्या लग्नात जिनं नवऱ्यापेक्षा दगड जास्त पाहिले, ती काय गप्प बसणार? असं त्यांनी फोनवर म्हटलं होतं, आणि अंजनाबाईंना ते इतकं पटलं की आता त्यांना तो विचार स्वतःचाच वाटत होता.

कामिनी थोड्या अंतरावर कणकेचे गोळे वळत होती. गोळे बिघडत होते. कोणी सांगत नव्हतं, तिनं विचारलंही नव्हतं.

देवराव उठले. अंगानं दणकट, आवाजानं त्याहून. "वहिनी, तेल घ्या," ते म्हणाले. "जेवणाच्या आधीच होऊन जाऊ द्या आज. कारभाऱ्यापुढं चला सारे."

मनोहरराव गोवऱ्या सारखत बसले होते. त्यांनी मान वर केली. "देवराव, आज सणाचा दिवस हाय गा. जेवू दे लोकायले."

"दादा, माह्या घशाखाली घास उतरून नाही राहिला. माह्या पियुषचं दुकान त्या जागेवर होणार होतं. तुमचा बेसाचा फ्लॅट गेला. ज्यानं केलं त्याच्याच मांडीले मांडी लावून जेवू काय मी?"

मनोहरराव पुन्हा गोवऱ्या सारखू लागले.  भावाला, बायकोला, लेकीला, दारावर आलेल्या फेरीवाल्यालासुद्धा नाही म्हणणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं, आणि त्यापायी घरात नको असलेली तीन स्टीलची पिंपं होती.

कारभाऱ्याची शपथ ही या घरची शेवटची कचेरी. थोरल्या सुनेनं खळीत जवसाचं तेल ओतायचं, एकेकानं त्यात बोट बुडवून बोलायचं. जो खोटं बोलेल त्याचा तो हात वाळतो. सुभद्राबाईंचा यावर पुरता विश्वास होता. त्यांच्या चुलतसासऱ्याचा उजवा हात शेवटी लुळा पडला होता. डॉक्टर त्याला अर्धांगवायू म्हणाला, पण डॉक्टर बाहेरगावचा होता.

त्यांनी तेल ओतलं. देवरावांनी बोट बुडवलं. "म्या कोणाले सांगतलं नाही." अंजनाबाईंनीही तेच म्हटलं, शिवाय स्वतःच्या पोराची आणि आईचीही शपथ घातली, कोणी मागितली नसताना. मग त्यांचा पियुष. "मी काय सांगीन यार, माह्याच दुकानाचं वाटोळं झालं ना!" म्हणत त्यानं बोट बुडवून पँटीला पुसलं.

कामिनी पुढे आली. तिनं बोट बुडवलं, खळीतून काढलं नाही, आणि सासऱ्यांकडे सरळ पाहत म्हणाली, "बाबा, मी कोणालाच काही सांगितलेलं नाही. बाभळीखाली दगड आहे, हे मलाच त्या दिवशी कळलं."

 ती इतकी सरळ बोलली की सुभद्राबाईंनाही खरं वाटलं, आणि खरं वाटलं म्हणून त्यांना तिचा थोडा रागही आला.

"हिची शपथ धरू नका," अंजनाबाई म्हणाल्या. "ही मानते का कारभाऱ्याले? शाळेत पोरायले सांगते, हे देव नाहीत, मढी पुरायची जागा हाय म्हणून! जो मानतच नाही त्याचा हात कायले वाळते?"

हा मुद्दा बिनतोड होता. देवरावांनी मान हलवली. न मानणाऱ्याची शपथ खोटी ठरत नाही आणि खरीही ठरत नाही. मग अशा माणसानं आपला खरेपणा दाखवायचा तरी कुठं, हा प्रश्न कोणाला पडला नाही.

"आई, मी तेच सांगते जे खरं आहे," कामिनी म्हणाली. "हजारो वर्षांपूर्वीची माणसं आपल्या मेलेल्यांना अशा घेऱ्यात पुरायची. वरून दगड लावायची. सोबत लोखंडाच्या वस्तू ठेवायची. त्यात देवाचा अपमान कुठे आला?"

"लोखंड!" अंजनाबाईंनी टाळी वाजवली. "आता आलं तोंडातून. हे पाहा काय निघालं हिच्या पर्समधून. मले सकाळी सापडलं." त्यांनी कमरेच्या पिशवीतून रुमालात गुंडाळलेलं काहीतरी काढलं आणि कारभाऱ्याच्या पायथ्याशी टाकलं. "त्या बाभळीखालचं हाय. मोजणीवाल्यानं काढलं अन् हिनं ठेवून घेतलं. हिचं अन् त्यायचं काही नसतं तं हिच्याजवळ आलं कसं?"

"त्यांनी फेकून दिलं म्हणून मी उचललं!" कामिनीचा आवाज पहिल्यांदा फाटला. "मी धावत गेले होते त्या दिवशी, पियुषनंच फोन केला म्हणून. मला वाटलं जुनं असेल. ते म्हणाले, बाई, हा साधा अडकित्ता आहे, तीस-चाळीस वर्षांचा, हा आमच्या कामाचा नाही. आणि बांधावर भिरकावला."

"पियुष," देवराव म्हणाले, "विचार तुझ्या बायकोले. शेवटचं."

पियुषनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा वडलांकडे. बायकोकडे पाहायचं त्यानं टाळलं. "कामिनी, सांगून टाक ना यार. सांगतलं असशील तं सांगून टाक. मी काही म्हणणार नाही."

कामिनी त्याच्याकडे बघत राहिली. सासरे-सासूंच्या बोलण्यानं जे झालं नव्हतं ते या एका वाक्यानं झालं. तिचे डोळे भरले.

"मंग ठरलं," देवराव म्हणाले. "आज ही पंगतीत बसणार नाही. उद्या हिले धरमपेठले हिच्या माहेरी पोचवून दे. दगड मोज म्हणा तिथीसा बसून."

सुभद्राबाई हे सगळं तेलाची वाटी हातात धरून ऐकत होत्या. खरं तर त्यांना बरं वाटायला हवं होतं. महिनाभराचं कोडं सुटलं होतं आणि त्यांचा अंदाज खरा ठरला होता. त्या खाली वाकल्या, ते रुमालातलं लोखंड उचललं, कारण कारभाऱ्याच्या पायाशी गंजकी वस्तू पडलेली त्यांना बघवेना.

अडकित्त्याची पाती गंजून एकमेकांत रुतली होती. मुठीच्या टोकाला मात्र पितळेचा राघू होता. पितळ काळवंडलं होतं, पण राघू तोच. त्याची चोच मोडलेली.

ती चोच सुभद्राबाईंच्याच हातून मोडली होती, माहेरी, उखळावर आपटून.

 हा अडकित्ता त्यांच्या आईनं बाळंतपणाच्या वेळी दिला होता. बाळाच्या उशाखाली लोखंड असावं, म्हणून. नंदिनीच्या वेळी नव्हे, त्याआधी. तेव्हा देवराव नागपूरला हॉस्टेलात शिकत होते, अंजनाबाई या घरात यायच्या होत्या. पोरगा झाला होता. बारशाच्या आधीच गेला. सासरे आणि मनोहरराव त्याला दुपट्यात गुंडाळून घेऊन गेले, कारण इतकी लहान लेकरं जाळत नाहीत, पुरतात. आणि बायका मागे जात नाहीत. उशाखालचा अडकित्ता नंतर सापडला नाही. सासूबाईंनी बजावलं होतं, जागा विचारायची नाही, नाही तर पुढचं लेकरू टिकणार नाही. सुभद्राबाईंनी विचारली नाही. फक्त एकदा, अंधारात, मनोहरराव आपणहून म्हणाले होते, "भारी दगड ठेवला वं वरून. कोल्हं नाही यायचं." नवरा-बायकोत त्या लेकराविषयी एवढंच बोलणं झालं होतं, चाळीसेक वर्षांत.

आतापर्यंत त्यांची समजूत होती की ते नाल्याच्या काठाला कुठंतरी आहे.

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. मनोहरराव कोणाकडेच बघत नव्हते. ते दूर, समोरच्या धुऱ्यावरच्या बाभळीकडे बघत होते, आणि त्या नजरेला चष्म्याची, थेंबांची, कशाचीच गरज नव्हती. पदराची गाठ आपोआप सुटली.

"अहो," सुभद्राबाई म्हणाल्या, "रोडगे करपून राहिले. चला माह्यासंगं."

"वहिनी, दादाची शपथ राहिली ना अजून," देवराव म्हणाले.

"घेतील. पळून नाही चालले. आधी खायाचं तं जळू नका देऊ."

चुलीपाशी आल्यावर त्या गुडघ्यावर हात टेकून बसल्या. मनोहरराव समोर उकिडवे बसले आणि काठीनं राख उगीच इकडची तिकडे करू लागले.

"तुमी धंतोलीले गेलेच नव्हते."

"नाही."

"खात्याच्या हापिसात गेले होते."

"हो."

"दगड घेऱ्यातला. तुमीच नेला होता तिथं. त्याच्या अंगावर."

मनोहररावांच्या हातातली काठी थांबली. मग त्यांना सुभद्राबाईंच्या मुठीतला राघू दिसला. "जड होता," ते म्हणाले. "बाबा अन् मी, दोघांनी बैल जुपून वढला. जवळ दुसरा दगडच नव्हता तेवढा मोठा. बाबा म्हणे, देवाचाच ठेव, देव राखील."

"अन् मले काहून नाही सांगतलं? आता तरी? लेआउटवाला आला तेव्हा?"

"त्यानं नकाशा दाखवला ना वं. बाभळीपाशी गेट काढलं होतं त्यानं. गाड्या तिथून जाणार." त्यांनी खाली मान घातली. "देवरावले नाही म्हणता आलं नाही. तो पोरासाठी करून राहिला. अन् तुले कोणत्या तोंडानं सांगू? तू टाइल्सचे तुकडे पिशवीत घालून हिंडून राहिली होती. इतकी खूश मी तुले कधी पाहिली नव्हती. म्हटलं, सरकारच नाही म्हणीन. कोणाचं मन मोडणार नाही."

"वा! अन् साऱ्याइचं मोडलं!" सुभद्राबाईंना इतका राग आला की हातातला अडकित्ता त्यांनी नवऱ्यालाच मारला असता. "सरकारलेही खोटंच सांगतलं असन."

"म्हटलं, आजाच्या आधीपासून हाय तो दगड तिथीसा."

"अन् ती पोरगी? तिले घराबाहेर काढून राहिले तुमच्यापायी. तुमी तोंड मिटून बसले!"

"नाही बसणार," मनोहरराव म्हणाले. "कारभाऱ्यापुढं खोटं नाही बोलत मी. आता जातो अन् सारं सांगतो."

आणि त्यांनी ते सांगितलं असतं, हे सुभद्राबाईंना पक्कं ठाऊक होतं. ज्याला नाही म्हणता येत नाही त्याला खोटंही फार वेळ बोलता येत नाही.

त्या निखाऱ्यांकडे बघत बसल्या. आता त्यांना काहीही करायचं नव्हतं, नुसतं बसून राहायचं होतं. नवरा जाईल, खरं सांगेल. कामिनी सुटेल. देवराव चार दिवस बोंबलतील, मग खात्याला कळवतील की दगड नंतर नेऊन ठेवलेला आहे. खातं तो उचलून घेऱ्यात आणेल, हद्द पुन्हा मागे सरकेल, लेआउटवाला फोन उचलेल. तळमजला. नंदिनी समोर. दुधी रंगाच्या टाइल्स. आणि बाभळीपाशी गेट.

त्यांनी उठायला हात पुढे केला. मनोहररावांनी धरून उठवलं. दोघं घेऱ्याकडे चालू लागले.

कामिनी रिंगणाबाहेर निळ्या पाटीच्या खांबाला टेकून उभी होती. बाकीचे वाट बघत होते. मनोहरराव कारभाऱ्यापुढे गेले, टोपी काढली, आणि बोट खळीकडे नेलं.

सुभद्राबाईंनी त्यांचा हात मनगटाशी धरला आणि बाजूला केला. मग स्वतःचं बोट तेलात बुडवलं, पार पेरापर्यंत.

"म्या सांगतलं," त्या म्हणाल्या.

कोणाला काही कळलंच नाही.

"खात्याले म्या सांगतलं. सासऱ्यानं मले दाखवला होता तो दगड, जुन्या काळापासून तिथीसा होता. बेसाले होती ना मी, तेव्हा गेली हापिसात. या पोरीले काही माहीत नाही. तिले बोलाल तं पाप लागीन."

"अव माय!" अंजनाबाई म्हणाल्या. "काही तरीच काय बोलता बाई! तुमीच तं टाइल्स पसंत केल्या! माह्यासमोर दुकानदाराशी भांडल्या तुमी पांढऱ्यासाठी!"

"नव्हत्या आवडल्या मंग."

"सुभद्रे..." मनोहरराव पुढे सरकले. "सुभद्रे, हे काय..."

"तुमी चूप बसा," त्या नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या. "तुमाले काही ठाऊक नाही यातलं."

देवराव दोन पावलं पुढे आले. त्यांच्या चेहऱ्यावर राग यायला हवा होता, तो अजून पोचला नव्हता. "वहिनी, माह्याकडं पाहून सांगा. हॉस्टेलातून मी दर शनिवारी यायचो, तुमी रातच्याले माह्यासाठी भाकर ठेवायच्या. तुमच्या हातचं खाऊन मोठा झालो मी. तुमी केलं हे? माह्या पोराच्या पोटावर तुमी पाय दिला? काहून?"

या प्रश्नाचं उत्तर सुभद्राबाईंच्या मुठीत होतं. मोडकी चोच तळहाताला टोचत होती. सांगितलं असतं तर देवराव रडले असते, याची त्यांना खात्री होती. ढसाढसा रडले असते. आणि चार महिन्यांनी, पियुषनं रोज जेवताना तोंड वाकडं करायला सुरुवात केली की, म्हणाले असते, वहिनी, आपण विधी करून लेकराले दुसरीकडं नेऊ. चांगल्या मनानं म्हणाले असते.

"काहून ते कारभाऱ्याले सांगतलं," त्या म्हणाल्या. "तुले नाही सांगत."

मग राग पोचला. देवरावांनी पायात चपला घातल्या. "अंजना, चाल. पियुष, गाडी काढ."

"अहो, रोडगे..." अंजनाबाई म्हणाल्या.

"चाल म्हटलं ना."

ते जेवले नाहीत. पंगतीतून उठले नाहीत, तर पंगतीला बसलेच नाहीत. जाताना अंजनाबाईंनी मागे वळून दोनदा पाहिलं. त्यांच्या तोंडावर दुःखापेक्षा अचंबा जास्त होता. पियुष कामिनीजवळ थांबला, हळूच म्हणाला, "चाल ना. झालं ना आता क्लिअर." कामिनी म्हणाली, "तू जा. मी स्कूटी आणली आहे." तो गेला.

कामिनी सुभद्राबाईंजवळ आली. ती इतिहास शिकवणारी बाई होती. चाळीस वर्षांचा अडकित्ता, हातभर मातीखालचा दगड आणि एक घट्ट मिटलेली मूठ यांचा हिशेब तिला लागायला वेळ लागला नसावा. पण तिनं विचारलं नाही.

"मोठ्या आई," ती म्हणाली, "तो अडकित्ता... मी तुमचा शोधून आणला, असं समजा."

"फोनवर तुझ्याविषयी तुझ्या सासूले म्याच भरवलं होतं वं," सुभद्राबाई म्हणाल्या. "ते बी ऐकून ठेव."

 "ठेवलं," कामिनी म्हणाली. तिनं माफ केलं म्हटलं नाही, आणि सुभद्राबाईंना ते बरं वाटलं. मग ती चुलीपाशी गेली आणि राखेतून रोडगे बाहेर काढू लागली, एकेक फुंकून.

सुभद्राबाईंनी तेलाची वाटी उचलली. वाटीत थोडं उरलं होतं. समोरच्या धुऱ्यापर्यंत ढेकळांतून चालणं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांना शिक्षा होती, पण त्या निघाल्या. मनोहरराव मागून टोपी हातात घेऊन येत होते. त्यांना काय बोलावं ते कळत नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "हात दुखून राहिला का?"

सुभद्राबाईंनी बोटं मिटून, उघडून पाहिली. हलत होती. "अजून तं नाही," त्या म्हणाल्या. "वाळला तं वाळला. डाव्या हातानं जेवीन."

बाभळीखाली चुन्याची रेघ अजून पांढरी होती. रेघेच्या आत काळा, आडवा दगड, हातभर खोल, चारी बाजूंनी लहान दगडांनी नीट चेपलेला. इतका नीट की तो सरकू नये याची कोणीतरी फार काळजी घेतली होती. सुभद्राबाई काठाशी बसल्या. गुडघे मोडत नव्हते, तरी मोडवून बसल्या. या धुऱ्यावरून त्या किती वेळा पाण्याचा गुंड घेऊन गेल्या होत्या, बाभळीच्या सावलीत टेकल्या होत्या, नंदिनीला इथंच पाजलं होतं.

त्यांनी अडकित्ता दगडाच्या कडेला मातीत खोचला आणि वाटी हातात धरून थांबल्या. तेल कुठं सोडावं ते त्यांना कळेना.

"अहो," त्या म्हणाल्या, "डोकं कोणत्या अंगाले हाय त्याचं?"

मनोहरराव त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी सुभद्राबाईंचा तेलकट हात धरला आणि दगडाच्या एका टोकाला, एका खळीवर, नेऊन ठेवला.

"इथं," ते म्हणाले.